आधी पाणी, मग मासे

समुद्री टाकी ठेवायची म्हटलं की मनात आधी मासा येतो. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश, त्याच्या मागे डोलणारे प्रवाळ, वरून पडणारा निळसर उजेड. मग टाकी, मीठ आणि मासे एकाच दिवशी घरी आणले जातात आणि आठवड्याभरात मासे मरायला लागले की ‘समुद्री मासे घरात जगतच नाहीत’ असं म्हणून टाकी माळ्यावर जाते. वस्तुस्थिती तशी नाही. नीट ठेवलेल्या टाकीत क्लाउनफिश वीस वर्षंही जगतो आणि जोडी जमली तर नियमित अंडी घालतो. गाडी अडते ती क्रमाशी. प्रवाळाच्या टाकीत खरं तर पाणी पाळायचं असतं. ते एकसारखं राहू लागलं की त्यातले जीव तग धरतात. ते रोज बदलत राहिलं तर कितीही महागडी यंत्रं लावा, काही टिकत नाही.

याचं कारण प्रवाळाच्या जगण्यात आहे. प्रवाळ हा प्राणी आहे. मधोमध तोंड आणि भोवती दंश करणाऱ्या शुंडकांचं कडं, असे शेकडो-हजारो छोटे जीव एकमेकांना जोडून वसाहत करतात. उथळ पाण्यातल्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. शैवाल उजेडात साखर तयार करतं आणि तिचा मोठा वाटा प्रवाळाला मिळतो, बदल्यात शैवालाला आसरा आणि प्रवाळाच्या उत्सर्जनातलं खत मिळतं. ही भागीदारी नाजूक असते. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं तरी ती मोडते, शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढराफटक होतो. लक्षद्वीपच्या प्रवाळबेटांनी १९९८, २०१० आणि २०१६ साली हे विरंजन सोसलं आहे. जे खुल्या समुद्रात घडतं ते अडीचशे लिटरच्या टाकीत मे महिन्याच्या एका दुपारी घडू शकतं.

तीन शोध, तीन धडे

घरात प्रवाळ जगवण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न लंडनमधला. अ‍ॅना थिन या बाईंनी १८४६ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की इथून काही प्रवाळ घरी नेले. समुद्राचं ताजं पाणी सारखं आणवणं परवडेना, तेव्हा तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहण्याचं काम त्यांनी घरच्या मोलकरणीला लावलं. रोज अर्धा-पाऊण तास हे चाले. पुढे त्यांनी टाकीत समुद्री वनस्पतीही घातल्या. ते प्रवाळ जवळजवळ तीन वर्षं जगले आणि वाढलेही. पाणी हलतं राहिलं आणि हवेशी त्याचा संबंध राहिला तर ते जिवंत राहतं, हा पहिला धडा.

दुसरा धडा जकार्त्यातला. १९६१ साली ली चिन एंग यांनी एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली. त्यांच्या टाक्यांत हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश यांच्या जोडीला समुद्रातून आणलेले सच्छिद्र खडक असत. त्या खडकांवर आणि त्यांच्या भोकांत राहणारे असंख्य जीवच पाणी स्वच्छ करत. खडक हीच गाळणी, ही कल्पना तिथून पुढे रुजली.

तिसरा धडा बर्लिनच्या छंदिष्टांनी दिला. खडकांना त्यांनी फेस काढणाऱ्या यंत्राची आणि प्रखर दिव्यांची जोड दिली, आणि कठीण प्रवाळ घरात नुसते जगवून न थांबता वाढवून दाखवले. त्यांच्यापैकी डिट्रिश श्ट्यूबर यांनी आपल्या टाकीतल्या अ‍ॅक्रोपोरा प्रवाळाचे तुकडे मोडून इतरांना वाटले. त्या वाणाचे वंशज आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. आजची कुठलीही टाकी या तीन गोष्टींवर उभी असते: हलतं पाणी, जिवंत खडक आणि फेसावाटे बाहेर काढलेला मळ.

टाकी आणि जागा

नवशिक्याने छोट्या टाकीपासून सुरुवात करावी, हा समज समुद्री टाकीला लागू नाही. पाणी जितकं जास्त तितके त्यातले बदल सावकाश होतात आणि चूक सुधारायला वेळ मिळतो. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे २५५ लिटर पाणी मावतं. सुरुवातीला हे माप उत्तम. काच, खडक, स्टँड आणि खालची दुसरी टाकी धरून हा पसारा साडेतीनशे-चारशे किलोंवर जातो. घरगुती स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखलेला असतो. म्हणून टाकी खोलीच्या मधोमध ठेवू नये, तुळईच्या जवळ भिंतीलगत ठेवावी, आणि इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्यावा.

जागा निवडताना आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. थेट ऊन नको, त्याने पाणी तापतं आणि शैवाल माजतं. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक असल्याने टाकीच्या जोडणीला आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब सॉकेटात न जाता खाली पडतो. तिसरी गोष्ट आपल्याकडे हमखास विसरली जाते. डास-झुरळांसाठीच्या फवाऱ्यांत जी द्रव्यं असतात ती कोळंबी-खेकड्यांच्या कुळाला आणि माशांना अत्यंत घातक असतात. टाकीच्या खोलीत फवारणी बंद करायची, ही अट घरातल्या सगळ्यांनी मान्य केल्यावरच टाकी आणावी.

मीठ मोजायचं कसं

नळाचं पाणी पिण्यासाठी कितीही चांगलं असलं तरी त्यात क्लोरीन असतं, नत्र आणि स्फुरदाचे अंश असतात, कधी जुन्या नळातून उतरलेलं तांबं असतं. तांब्याचा अत्यल्प अंशही प्रवाळांना आणि कोळंब्यांना मारक ठरतो. त्यामुळे पाणी आधी आरओमधून आणि मग आयन काढून टाकणाऱ्या राळेतून गाळून घ्यावं लागतं. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरने शून्य दाखवलं की ते वापरायला तयार झालं. पिण्याच्या पाण्याचं घरगुती आरओ यंत्र इथे पुरत नाही, कारण शेवटचा राळेचा टप्पा त्यात नसतो. ‘समुद्र तर दारात आहे, तिथलंच पाणी आणू’ हा विचारही मुंबईकराने सोडून द्यावा. सांडपाणी आणि तेल मिसळलेलं, पावसाळ्यात नद्या-खाड्यांनी पातळ केलेलं ते किनाऱ्यालगतचं पाणी प्रवाळांच्या कामाचं नाही.

गाळलेल्या पाण्यात टाक्यांसाठी बनवलेलं समुद्री मीठ मिसळतात. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि इतर अनेक घटक ठरावीक प्रमाणात असतात. लक्ष्य असतं दर किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे २५ अंश तापमानाला सुमारे १.०२६ विशिष्ट गुरुत्व. मीठ टाकीत कधीही थेट ओतू नये. वेगळ्या पिंपात पंप लावून ते रात्रभर घुसळावं, मग मोजावं. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर वापरावा आणि तो ३५ ग्रॅमच्या प्रमाणित द्रावणाने अधूनमधून तपासून घ्यावा. उपकरणच चुकीचं सांगत असेल तर बाकीच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं.

नव्या लोकांचा सर्वांत मोठा गोंधळ बाष्पीभवनाबाबत होतो. उडतं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं. समजा २५० लिटरच्या टाकीतून रोज पाच लिटर पाणी उडतं आणि चार दिवस तुम्ही भर घातली नाही. २३० लिटर पाण्यात आता २५० लिटरचं मीठ आहे, आणि ३५ चा खारेपणा ३८ वर गेला आहे. घट भरायची ती नेहमी गोड्या, गाळलेल्या पाण्याने, आणि रोज. हे काम आपोआप करणारं उपकरण मिळतं. पाण्याची पातळी उतरली की त्याचा संवेदक पंप सुरू करतो. टाकीवर पैसे खर्च करायचे असतील तर ते आधी इथे करावेत, दिव्यांची हौस नंतर.

यंत्रं, उन्हाळा आणि भारनियमन

मुख्य टाकीच्या खाली एक दुसरी टाकी असते, तिला सम्प म्हणतात. वरचं पाणी काठावरून खाली उतरतं, सम्पमधून शुद्ध होऊन पंपाने परत वर जातं. सम्पमुळे एकूण पाणी वाढतं, आणि हीटर, फेस काढणारा स्किमर, नळ्या नजरेआड राहतात. पंप बंद पडला तर वरून जेवढं पाणी खाली येईल तेवढं सम्पमध्ये मावलं पाहिजे, हे पहिल्याच दिवशी पंप मुद्दाम बंद करून बघावं.

प्रोटीन स्किमर हे या मांडणीतलं कष्टकरी यंत्र. उभ्या नळकांड्यात अतिसूक्ष्म बुडबुडे सोडले जातात. माशांची विष्ठा, उरलेलं अन्न यांतून विरघळलेल्या सेंद्रिय रेणूंचं एक टोक पाण्यापासून दूर पळणारं असतं. ते बुडबुड्याला चिकटतात आणि फेसाबरोबर वर चढतात. वरच्या वाटीत चहासारखा तपकिरी, उग्र वासाचा द्रव साठतो. तो कुजून अमोनिया होण्याआधीच पाण्याबाहेर पडला, हे या यंत्राचं मोल.

प्रवाळाला पाण्याचा झोतही हवा. बहुतेक मृदू प्रवाळांना मध्यम प्रवाह पुरतो, पण तो सतत एका दिशेने अंगावर आदळता कामा नये. दोन पंप समोरासमोर लावून झोत एकमेकांवर सोडले की पाणी कुठेही साचत नाही. दिवे निळ्या छटेचे असतात, कारण पाण्यात खोलवर पोहोचणारा प्रकाश निळाच असतो आणि प्रवाळातलं शैवाल तो चांगला वापरतं. आठ ते दहा तास उजेड पुरतो. नवा प्रवाळ आधी तळाशी ठेवून पुढच्या दोन आठवड्यांत हळूहळू वर आणावा, नाहीतर तो भाजतो.

थंड देशांतल्या पुस्तकांत हीटरवर पानंच्या पानं असतात. महाराष्ट्रात खरी लढाई उष्णतेशी असते. पाणी २५ ते २६ अंशांवर ठेवायचं असतं, आणि मार्च ते जून या काळात पंप-दिव्यांची उष्णता धरून ते सहज तिशी ओलांडतं. पाण्यावर पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण मुंबईच्या दमट हवेत त्याचा परिणाम कमी होतो. तिथे चिलर लागतोच. ३०० वॉटचा चिलर रोज आठ तास चालला तर महिन्याला सुमारे ७२ युनिट वीज जाते. हा आकडा पहिल्या दिवशीच हिशोबात धरावा.

वीज गेली तर आधी संपतो तो ऑक्सिजन. गरम आणि खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. पंप थांबले की माशांना तासा-दोन तासांतच श्वास जड होऊ लागतो. ज्या भागात भारनियमन आहे तिथे एक प्रवाहपंप इन्व्हर्टरवर हवाच, आणि कपाटात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप असावा. दारं-खिडक्या बंद करून एसी लावलेल्या खोलीत आणखी एक गोष्ट घडते. माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्यात उतरतो आणि सामू ८.२ वरून ७.९ पर्यंत घसरतो. रसायनं ओतण्याआधी खिडकी उघडून पाहावी.

न दिसणारे रहिवासी

टाकीत पाणी, वाळू आणि खडक आले की उतावळेपणा आवरायची वेळ येते. माशाच्या मूत्रातून, विष्ठेतून, उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, आणि समुद्राच्या अल्कधर्मी पाण्यात त्याचा विषारी हिस्सा वाढतो. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट करतो, आणि खडकाच्या आतल्या भोकांत, जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही तिथे, तिसरा गट नायट्रेटचा नत्रवायू करून तो हवेत सोडून देतो. शेती करणाऱ्या वाचकांना हे नत्रचक्र नवं नाही. विरजण लागल्याशिवाय दुधाचं दही होत नाही, तसं हे जिवाणू बसल्याशिवाय खाऱ्या पाण्याची टाकी होत नाही.

त्यासाठी चार ते सहा आठवडे लागतात. रिकाम्या टाकीत थोडा अमोनिया घालायचा, बाटलीतले जिवाणू सोडायचे आणि दर दोन दिवसांनी चाचणी करायची. अमोनिया वर जातो आणि उतरतो, त्याच्या मागून नायट्राइट वर जातो आणि उतरतो. घातलेला अमोनिया २४ तासांत संपून दोन्ही आकडे शून्यावर आले की टाकी पहिल्या माशासाठी तयार झाली. या काळात जिवंत मासा टाकून टाकी ‘चालू’ करण्याची जुनी पद्धत क्रूर आहे आणि अनावश्यकही.

खडकाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. परदेशी पुस्तकांतला ‘जिवंत खडक’ म्हणजे बहुधा समुद्रातून काढलेला मृत प्रवाळांचा सांगाडा. आपल्याकडे तो आणणं कायद्यात बसत नाही. त्याची गरजही नाही. माणसाने बनवलेले सच्छिद्र चिनी मातीचे किंवा सिमेंटचे खडक मिळतात, आणि काही महिन्यांत जिवाणू त्यांनाही जिवंत करतात. रचताना भिंत बांधू नये. कमानी, गुहा, मधून पाणी वाहील अशा फटी ठेवाव्यात. खडक वाळूवर न ठेवता थेट तळावर बसवावा, कारण वाळू उकरणारे जीव त्याखालची वाळू काढून घेतात आणि ढिगारा काचेवर कोसळतो.

जिवाणू बसले की शैवालांची पाळी येते. आधी सगळ्यावर तपकिरी धूळ चढते, तो डायटम असतो. मग हिरवे केस उगवतात, कधी तांबूस-जांभळी चिकट साय पसरते. पहिले तीन-चार महिने टाकी कुरूप दिसते आणि बरेच जण नेमके इथेच खचतात. रसायनं ओतू नयेत. उजेडाचे तास कमी करावेत, अन्न मोजून द्यावं, पाणी बदलत राहावं, आणि ट्रोकस किंवा टर्बो जातीच्या गोगलगायी सोडाव्यात. खडकावर जांभळट-गुलाबी कडक पापुद्रा दिसू लागला की समजावं, टाकी स्थिरावते आहे. ते चुनखडी साठवणारं शैवाल आहे आणि पाण्याच्या तब्येतीचं उत्तम लक्षण आहे.

पहिला मासा

सुरुवातीला क्लाउनफिशची जोडीच योग्य. हे मासे काटक आहेत आणि बंदिस्त पाण्यात त्यांची पैदास होते. केरळात विझिंजम आणि तामिळनाडूत मंडपम इथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, आणि परंगीपेट्टैला अण्णामलै विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्र केंद्राने हे तंत्र विकसित केलं. आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही कांदळवन प्रतिष्ठानाने शोभिवंत सागरी माशांचं प्रजनन हाती घेतलं आहे. सगळे क्लाउनफिश आधी नर म्हणून वाढतात. जोडीतला मोठा मासा मादी होतो, आणि ती मेली तर नराची मादी होते. अंड्यांवर पहारा देणं, त्यांना परांनी वारा घालणं ही कामं नराची.

क्लाउनफिशबरोबर समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन) हवंच, असा सिनेमांनी पसरवलेला समज आहे. समुद्रफुलाला किमान वर्षभर जुनी, स्थिर टाकी लागते, आणि मनासारखी जागा मिळाली नाही तर ते चालत सुटतं आणि पंपात अडकून मरतं. मरताना सगळी टाकी नासवतं. पैदास केलेला क्लाउनफिश समुद्रफुलाशिवाय आनंदाने जगतो, कित्येकदा मृदू प्रवाळालाच घर मानतो.

दुसरी जोडी घ्यावीशी वाटली तर गोबी मासा आणि पिस्तूल कोळंबी पाहा. कोळंबीची नजर अधू असते. ती दिवसभर वाळू उपसून बीळ खोदते आणि गोबी दाराशी बसून राखण करतो. बाहेर येताना कोळंबीची एक मिशी सतत गोबीच्या अंगावर टेकलेली असते. धोका दिसला की गोबी शेपूट थरथरवतो, आणि क्षणात दोघंही आत. टाकीपुढे तास कसा जातो, हे अशा वेळी कळतं.

काय घेऊ नये, हेही सांगायला हवं. टँग कुळातले मासे चार फुटी टाकीत कोंडतात. मँडरिन मासा रंगांनी भुरळ घालतो, पण तो दिवसभर सूक्ष्म जिवंत कवचधारी टिपत राहतो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो. २५० लिटरांत पाच-सहा छोटे मासे पुष्कळ झाले, आणि तेही दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने.

प्रत्येक नवा मासा आधी वेगळ्या छोट्या टाकीत चार ते सहा आठवडे ठेवावा. पांढरे ठिपके उमटवणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी माशावरून सुटून खडकावर कोष करतो आणि पुन्हा शेकडोंनी माशांवर चढतो. त्यावर तांब्याचं औषध चालतं, पण तेच औषध कोळंब्या आणि प्रवाळ मारतं, त्यामुळे मुख्य टाकीत ते देता येत नाही. एकदा परजीवी आत शिरला तर सगळे मासे बाहेर काढून मुख्य टाकी साधारण अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. एक स्पंज गाळणी, पीव्हीसी पाइपाचे दोन तुकडे आणि ४० लिटरची काचपेटी, एवढ्यात हा ताप टळतो.

प्रवाळ आणि कायदा

इथे वाचकांनी विशेष लक्ष द्यावं. भारतात सर्व कठीण, खडक बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गनपाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही त्याच यादीत येतात. उल्लंघनाला तीन ते सात वर्षं कैद आहे. २०२० साली मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या वसाहती हलवाव्या लागल्या, तेव्हा महापालिकेलाही वन्यजीव परवानगी घ्यावी लागली. दुकानात कोणी ‘साहेब, सगळेच ठेवतात’ म्हणून कठीण प्रवाळाचा तुकडा पुढे केला तर नको म्हणावं.

हा कायदा छंदाच्या आड येतो, असं मला वाटत नाही. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे. तिथले प्रवाळ आणि मालवणच्या सागरी अभयारण्यातले प्रवाळ आज आहेत ते ओरबाडले गेले नाहीत म्हणून. वाढ इतकी सावकाश की हाताएवढी वसाहत व्हायला अनेक वर्षं लागतात. ती दिवाणखान्यात आणून महिन्याभरात मारायचा हक्क कोणालाही नाही.

उरतात ते मृदू प्रवाळ आणि त्यांचे भाऊबंद: झोअँथस, मश्रूम, सार्कोफायटन, झेनिया. परवान्याने आयात केलेले किंवा टाकीतच वाढवलेल्या वसाहतीचे तुकडे, तेही बिलासह घ्यावेत. नवशिक्याला हेच सोयीचे असतात, कारण त्यांना चुन्याचा सांगाडा बांधायचा नसल्याने कॅल्शियम-क्षारतेचा काटेकोर हिशोब लागत नाही. कठीण प्रवाळ पाळणारे परदेशी लोक रोज चुन्याची निवळी थेंबाथेंबाने सोडतात. मृदू प्रवाळांना बहुधा पाणी बदलण्यातून येतं तेवढं पुरतं.

सार्कोफायटन एखाद्या दिवशी अचानक मिटतो, कातडी तेलकट आणि निर्जीव दिसते. नवा माणूस घाबरून त्याला बाहेर काढतो. थोडा धीर धरावा. काही दिवसांत त्याच्या अंगावरून मेणचट पापुद्रा सुटून प्रवाहाबरोबर वाहून जातो, आणि खालून ताजा, पिवळसर प्राणी सगळी शुंडकं पसरून उघडतो. अंगावर बसलेलं शैवाल झटकायची ही त्याची रीत आहे. झोअँथसबाबत मात्र दक्षता हवी. त्याच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे भयंकर विष असतं. हातमोजे आणि चष्म्याशिवाय तो कापू नये, आणि तो वाढलेला खडक कधीही उकळू नये. वाफेतून विषबाधा होऊन संपूर्ण कुटुंबं रुग्णालयात गेल्याच्या घटना परदेशांत घडल्या आहेत.

रोजचं काम

टाकी स्थिरावली की रोजचं काम दहा-पंधरा मिनिटांचं असतं: तापमान बघणं, मासे मोजणं, दोन मिनिटांत संपेल एवढंच अन्न देणं. आठवड्याला खारेपणा, क्षारता, नायट्रेट आणि फॉस्फेट तपासावं. क्षारता ८ ते ९ डीकेएच (क्षारता मोजायचं एकक), नायट्रेट लिटरला २ ते १० मिलिग्रॅम, फॉस्फेट ०.१ मिलिग्रॅमच्या खाली ही घरगुती टाकीला चांगली पातळी आहे. शून्य हे लक्ष्य नाही, प्रवाळांनाही थोडं खत लागतं. आठ-दहा दिवसांनी दहा टक्के पाणी बदलावं. २५० लिटरांच्या टाकीला २५ लिटर पाणी आणि सुमारे ९०० ग्रॅम मीठ. आकडा बिघडलेला दिसला तरी एका दिवसात दुरुस्त करू नये. क्षारता ६ असेल तर ती आठवड्याभरात ८ वर न्यावी. चुकीच्या पण स्थिर आकड्यापेक्षा अचानक झालेली दुरुस्ती प्रवाळांना जास्त महागात पडते.

सुट्टीवर जाताना शेजाऱ्यांना अन्नाचा डबा देऊ नका. एकेका दिवसाच्या पुड्या बांधून द्या. प्रेमाने दिलेलं जास्तीचं अन्न हे टाक्या बुडण्याचं नेहमीचं कारण आहे.

हे सगळं वाचून टाकी ठेवावीशी वाटत असेल तर जरूर ठेवा. घरातल्या मुलांना नत्रचक्र, सहजीवन, हवामानबदल हे सगळं एका काचेआड दिसेल, पाठ्यपुस्तकापेक्षा नीट समजेल. फक्त खरेदीची सुरुवात रिफ्रॅक्टोमीटर, थर्मामीटर आणि चाचणी संचाने करा, माशाने नको. आणि मासा किंवा प्रवाळ घेताना विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा: हा जीव कुठे वाढला, आणि त्याचे कागद आहेत का? सरळ उत्तर मिळालं नाही तर रिकाम्या हातांनी परत या. असं विचारणारं गिऱ्हाईक वाढेल, तेव्हाच दुकानांत पैदास केलेले मासे वाढतील आणि समुद्रातले समुद्रात राहतील.